मेन लाइनवरची वाफ थांबली, पण खाणीतलं छोटं इंजिन का धावत राहिलं?

घरात लहान मूल असेल, तर मोबाइलवर तुम्ही 'थॉमस'ला नक्की पाहिलं असेल. निळा रंग, पुढे गोल चेहरा आणि सतत कुठली ना कुठली गडबड. त्याचं पूर्ण नाव 'थॉमस द टँक इंजिन'. त्यातला 'टँक' म्हणजे रणगाडा असं अनेकांना वाटतं. पण हा टँक म्हणजे साधी पाण्याची टाकी.

रेव्हरंड ऑड्री या इंग्लिश धर्मगुरूने १९४०च्या दशकात लिहिलेल्या गोष्टींमधून थॉमस जगभर पोहोचला. पण त्याचे खरेखुरे भाऊबंद कुठल्या प्रसिद्ध एक्स्प्रेसला जोडलेले नव्हते. ते कोळशाच्या खाणीत, पोलाद कारखान्यात, बंदरात आणि साखर कारखान्यात राबत होते. दिवसभर तेच दोन-तीन किलोमीटर, पुढे आणि मागे.

गंमत म्हणजे मोठ्या, देखण्या वाफेच्या इंजिनांना रेल्वेनं निरोप दिला, त्यानंतरही ही छोटी इंजिनं कित्येक वर्षं काम करत राहिली. असं का झालं?

टँक इंजिन म्हणजे नेमकं काय?

वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी लागतात, कोळसा आणि पाणी. कोळसा जाळायचा, बॉयलरमधल्या पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या दाबाने सिलिंडरमधला दट्ट्या ढकलायचा. दट्ट्याला जोडलेला दांडा चाकं फिरवतो.

लांब पल्ल्याच्या गाडीला पाणी आणि कोळसा भरपूर लागतो. म्हणून इंजिनाच्या मागे एक वेगळा डबा जोडलेला असायचा. त्याला टेंडर म्हणतात. ब्रिटनच्या प्रसिद्ध 'फ्लाइंग स्कॉट्समन' इंजिनाच्या टेंडरमध्ये सुमारे २२ हजार लिटर पाणी मावतं.

कारखान्याच्या आवारात मात्र एवढा मोठा डबा ओढत फिरण्यात अर्थ नव्हता. पाण्याचा नळ जवळच आणि कोळशाचा ढीगही जवळच. मग पाण्याची टाकी थेट इंजिनावरच बसवली आणि कोळसा ड्रायव्हरच्या केबिनच्या मागे छोट्या कप्प्यात ठेवला. झालं टँक इंजिन.

याचा आणखी एक फायदा होता. टेंडर असलेलं इंजिन उलटं चालवणं त्रासाचं, कारण मागचं नीट दिसत नाही. टँक इंजिन दोन्ही दिशांना जवळपास सारखंच चालतं. ज्या इंजिनाला दिवसातून शंभर वेळा दिशा बदलायची आहे, त्याच्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं.

टाकी बसवायची कुठे?

यात चार मुख्य प्रकार झाले.

पहिला, बॉयलरच्या दोन्ही बाजूंना चौकोनी टाक्या. याला साइड टँक म्हणतात. थॉमस याच प्रकारातला.

दुसरा, घोड्यावर खोगीर टाकावं तशी बॉयलरवर पांघरलेली टाकी. हा सॅडल टँक. गोष्टीतला हिरवा 'पर्सी' या प्रकारातला. कारखान्यांमध्ये हाच प्रकार सर्वात लोकप्रिय झाला, विशेषतः ब्रिटनमध्ये.

तिसरा, गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लटकाव्यात तशा बॉयलरला लटकवलेल्या टाक्या. हा पॅनियर टँक.

चौथा, चाकांच्या मधल्या सांगाड्यात लपवलेली टाकी. हा वेल टँक.

प्रत्येक प्रकाराचे फायदे-तोटे वेगळे. खोगीर टाकीमुळे इंजिनाची बाजू मोकळी राहते, त्यामुळे मेकॅनिकला आतल्या भागांपर्यंत सहज हात घालता येतो. पण टाकी तापलेल्या बॉयलरवरच बसलेली असल्याने तिच्यातलं पाणीही गरम होतं. ऐकायला हे चांगलं वाटतं. अडचण अशी की पाणी बॉयलरमध्ये ढकलणारं 'इंजेक्टर' नावाचं उपकरण थंड पाण्यावर उत्तम चालतं आणि पाणी फार गरम झालं की कुरकुर करतं.

शिवाय टाकीतलं पाणी संपत जाईल तसं इंजिन हलकं होतं आणि रुळावरची त्याची पकडही थोडी कमी होते.

शंटिंगला वेगळं इंजिन का लागतं?

डबे जोडणं, तोडणं, एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणं आणि हवी ती गाडी तयार करणं म्हणजे शंटिंग. मालगाडीच्या डब्यांना मराठीत 'वाघिणी' म्हणतात. कोळशाच्या खाणीत रिकाम्या वाघिणी आत न्यायच्या, भरलेल्या बाहेर काढायच्या, वजनकाट्यावरून फिरवायच्या आणि मुख्य रेल्वेच्या ताब्यात द्यायच्या, हे काम दिवसरात्र चालायचं.

इथे वेगाचं काही काम नाही. लागते ती ताकद, आणि तीही थांबलेल्या अवस्थेतून.

सायकलचं उदाहरण घ्या. चढावर आपण हलका गिअर टाकतो. वेग कमी होतो, पण पायाला जोर मिळतो. वाफेच्या इंजिनाला गिअर नसतो, त्यामुळे हे गणित चाकाच्या आकारातच ठरवून टाकावं लागतं. 'फ्लाइंग स्कॉट्समन'च्या मुख्य चाकांचा व्यास दोन मीटरच्या वर आहे, म्हणून ते वेगात धावतं. शंटिंग इंजिनाची चाकं लहान असतात, म्हणून ते हळू चालतं पण जड वाघिणी हलवतं.

दुसरी गोष्ट वजनाची. मोठ्या इंजिनाला पुढे-मागे आधाराची जादा चाकं असतात. ती चाकं नुसतं वजन पेलतात, ओढत नाहीत. कारखान्यातल्या छोट्या इंजिनाला बहुतेक वेळा चार किंवा सहाच चाकं आणि ती सगळी ओढणारी. इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडल्याने रुळावर पकड पक्की बसते. तरीही पावसात चाक घसरलं, तर पुढे वाळू सोडायची सोय असतेच.

तिसरी गोष्ट वळणांची. कारखान्यातले रूळ दोन इमारतींच्या मधून, गोदामाच्या कोपऱ्यावरून काटकोनात वळावेत तसे वळतात. तिथे लांबलचक इंजिन अडकेल, आखूड इंजिन सहज वळेल.

आणि हो, हे काम आधी घोडे करायचे. नंतरही करत राहिले. ब्रिटिश रेल्वेचा शेवटचा शंटिंग घोडा 'चार्ली' न्यूमार्केट स्थानकातून निवृत्त झाला ते साल होतं १९६७.

दोन वर्षांसाठी बनवलेलं इंजिन

या सगळ्या छोट्या इंजिनांमध्ये एकाची गोष्ट सांगायलाच हवी.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराला बंदरं, दारूगोळ्याचे डेपो आणि छावण्यांसाठी शंटिंग इंजिनं हवी होती, तीही झटपट. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या हन्स्लेट कंपनीने आपल्याच जुन्या नमुन्यावरून एक साधं सहा चाकांचं सॅडल टँक इंजिन तयार केलं. युद्धकाळातल्या काटकसरीवरून त्याला 'ऑस्टेरिटी' हे नाव पडलं.

वजन सुमारे ४८ टन. चाकांचा व्यास सुमारे १.३ मीटर. टाकीत साधारण साडेपाच हजार लिटर पाणी आणि मागे सव्वादोन टन कोळसा. सपाट रुळावर हजार टनांची गाडी ओढता यावी, ही अपेक्षा. नक्षीकाम नाही आणि महागडे धातू शक्य तितके टाळलेले. लष्कराचा हिशोब सरळ होता. दोन वर्षं ही इंजिनं रगडून वापरता आली तरी पुरे.

१९४३ पासून ही इंजिनं बाहेर पडू लागली. एकट्या हन्स्लेटला मागणी पुरवता येईना, म्हणून इतर कंपन्यांनाही तोच आराखडा दिला गेला. लष्करासाठी एकूण ३७७ इंजिनं बनली.

युद्ध संपलं आणि लष्कराला इतकी इंजिनं नको झाली. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने त्यातली ७५ विकत घेतली. काही नेदरलँड्सच्या रेल्वेकडे गेली. पण त्यांचं खरं घर ठरलं कोळशाच्या खाणींमध्ये. १ जानेवारी १९४७ ला ब्रिटनमधल्या खाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि नव्या राष्ट्रीय कोळसा मंडळाला हे इंजिन इतकं आवडलं, की त्याने जुनी तर घेतलीच, वर नवीही बनवून घेतली. १९६४ पर्यंत एकूण आकडा ४८५ वर गेला.

आता हे सालांचं गणित बघा.

• १९६० : ब्रिटिश रेल्वेने स्वतःसाठी शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं. त्याचं नाव 'ईव्हनिंग स्टार'.
• १९६४ : खाणींसाठी शेवटची ऑस्टेरिटी इंजिनं तयार झाली.
• १९६८ : ब्रिटनच्या मेन लाइनवरून वाफेची इंजिनं हटली.
• १९७१ : माणूस चंद्रावर उतरून दोन वर्षं झाल्यावर हन्स्लेटने जावा बेटावरच्या त्रांगकिल साखर कारखान्यासाठी एक छोटं वाफेचं टँक इंजिन बनवून पाठवलं.

आणि दोन वर्षं चालली तरी पुरे म्हणून बनवलेली ऑस्टेरिटी इंजिनं? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाही ब्रिटनच्या काही खाणींमध्ये ती वाघिणी ढकलत होती.

मग ती इतकी का टिकली?

कोळसा मंडळाला वाफेचं फार प्रेम होतं असं नाही. कारणं पैशाची होती.

पहिलं कारण इंधन. खाणीत कोळसा विकत आणावा लागत नाही. ज्या मालाची गाडी ओढायची, त्यातलाच थोडा भट्टीत टाकायचा. उलट डिझेल बाहेरून विकत घ्यावं लागायचं.

दुसरं, दुरुस्ती. या इंजिनात नाजूक असं फारसं काही नाही. खाणीत फिटर, लोहार आणि वेल्डर असतातच. बरीचशी दुरुस्ती आवारातच व्हायची. एकाच नमुन्याची शेकडो इंजिनं असल्यामुळे सुटे भागही मिळायचे.

तिसरं, किंमत. युद्धानंतर सेकंडहँड इंजिनं स्वस्तात मिळत होती. जे यंत्र आधीच दारात उभं आहे आणि चालतंय, ते बदलायला नवा खर्च कोण करेल?

चौथं, कामाचं स्वरूप. मेन लाइनवर वेळापत्रक असतं. तिथे पाण्यासाठी थांबणं, राख काढणं, इंजिन फिरवणं या सगळ्यात वेळ जातो आणि वेळ म्हणजे पैसा. खाणीतल्या इंजिनाचा बराच वेळ तसाही वाघिणी भरायची वाट बघण्यात जायचा. तेवढ्यात पाणी भरून व्हायचं.

म्हणजे मेन लाइनवर जे दोष होते, ते खाणीच्या आवारात फारसे टोचत नव्हते.

आगीशिवाय चालणारं वाफेचं इंजिन

दारूगोळ्याचा कारखाना, कागद गिरणी, तेल शुद्धीकरण कारखाना. अशा ठिकाणी इंजिनाच्या धुराड्यातून एक ठिणगी उडाली तरी घात. तिथे काय करायचं?

त्यावर उपाय म्हणून 'फायरलेस' इंजिन आलं. त्यात भट्टीच नाही. बॉयलरच्या जागी एक मोठी, जाड आवरणाची टाकी. ती अर्ध्याहून जास्त पाण्याने भरायची आणि कारखान्याच्या मुख्य बॉयलरमधून तिच्यात प्रचंड दाबाची वाफ सोडायची.

पुढचं समजायला प्रेशर कुकर आठवा. दाब जास्त असला की पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. दाब कमी झाला की लगेच उकळतं. इंजिनाने वाफ वापरली की टाकीतला दाब उतरतो आणि आतलं अतितप्त पाणी आपोआप उकळून नवी वाफ देतं. एकदा भरलं की काही तास काम, मग पुन्हा भरायला यायचं. एका अर्थाने वाफेची बॅटरीच.

झारखंडमधल्या सिंद्रीच्या खत कारखान्यात असं इंजिन होतं. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतं.

सर्वात धोक्याचं काम कुणाचं?

इंजिनावर दोघं जण असायचे, ड्रायव्हर आणि फायरमन. पण या कामातला सर्वात मोठा धोका तिसऱ्या माणसाला होता. तो जमिनीवर उभा असायचा. शंटर.

ड्रायव्हरला वाघिणींच्या रांगेपलीकडचं काही दिसत नसे. शंटर हाताने, शिट्टीने किंवा रात्री कंदिलाने खूण करणार आणि त्यावर इंजिन हलणार. ब्रिटनमध्ये वाघिणी साखळीच्या तीन कड्यांनी जोडलेल्या असत. ती साखळी काढायला-घालायला शंटरकडे टोकाला आकडा असलेली लांब काठी असायची, म्हणजे दोन वाघिणींच्या मध्ये न शिरता बाहेरूनच काम करता येईल. पण घाई, पाऊस, अंधार आणि निसरडे स्लीपर यात माणूस मध्ये शिरायचाच. पाय घसरला किंवा खूण चुकली, की दोन बफरांच्या मध्ये सापडायचा.

शंटिंग करताना इतके कामगार दगावत होते, की ब्रिटिश संसदेने १९०० साली रेल्वे कामगारांचे अपघात रोखण्यासाठी वेगळा कायदा केला.

हे जुन्या काळातलं वाटत असेल, तर नोव्हेंबर २०२४ मधली बिहारच्या बरौनी स्थानकातली घटना आठवा. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये सापडून एका रेल्वे कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला आणि त्याचे फोटो सोशल मीडियावर फिरले. इंजिन वाफेचं असो की विजेचं, दोन जड वस्तूंच्या मधली ती जागा आजही तितकीच जीवघेणी आहे. शंटिंगच्या इतिहासात इंजिनांची नावं जपली गेली. या माणसांची नावं मात्र फारशी कुठे नाहीत.

भारतात ही इंजिनं कुठे होती?

मुंबईची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे आपण शाळेत शिकलो. पण मुंबईकरांनी वाफेचं इंजिन त्याच्या वर्षभर आधीच पाहिलं होतं. १८५२ मध्ये भायखळ्याच्या बाजूला रेल्वेच्या बांधकामासाठी कंत्राटदाराचं एक इंजिन फिरू लागलं. मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला 'लॉर्ड फॉकलंड' म्हणत. म्हणजे आपल्याकडेही पहिला मान प्रवासी इंजिनाला नाही, तर बांधकामावर राबणाऱ्या इंजिनाला मिळाला.

पुढे मुंबई बंदराची स्वतःची रेल्वे झाली. गोद्या आणि वडाळ्याचं यार्ड यांच्यामध्ये मालाची ने-आण करायला तिथे टँक इंजिनं होती.

डोंगरातल्या गाड्यांनाही हाच आखूड बांधा उपयोगी पडला. नेरळ-माथेरान मार्गावर १९०७ पासून धावलेली मूळ वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची टँक इंजिनंच होती. 'आराधना' चित्रपटातल्या त्या प्रसिद्ध गाण्यात राजेश खन्ना जीपमधून ज्या गाडीच्या बाजूने जातो, ती दार्जिलिंगची गाडी. तिची जुनी निळी इंजिनं खोगीर टाकीवाली आहेत.

त्याच दार्जिलिंगची काही इंजिनं नंतर आसाममधल्या टिपोंगच्या कोळसा खाणीत गेली. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवर, एकविसाव्या शतकातही तिथे वाफेची छोटी इंजिनं कोळशाच्या वाघिणी ओढत होती. कारण तेच, जे ब्रिटनच्या खाणींमध्ये होतं. कोळसा दारातच होता.

शेवटी ती संपली कशामुळे?

साधं उत्तर, डिझेल इंजिनामुळे. ते खरंही आहे. थंड पडलेलं वाफेचं इंजिन कामाला लावायचं तर पहाटे उठून भट्टी पेटवावी लागते आणि दाब तयार व्हायला काही तास जातात. डिझेल इंजिन बटण दाबलं की सुरू. वाफेला दोन माणसं, डिझेलला एक. शिवाय बॉयलरची ठरावीक काळाने तपासणी आणि राख काढायचं काम वेगळंच. ब्रिटनमध्ये १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुराचाही प्रश्न आला. धूर कमी करायला हन्स्लेटने काही ऑस्टेरिटी इंजिनांना भट्टीत खालून कोळसा ढकलणारी यंत्रणा बसवून पाहिली.

पण यापेक्षा मोठं कारण वेगळं होतं. ज्या कामासाठी ती होती, ते कामच उरलं नाही.

१९६०च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये कोळशाच्या अशा गाड्या आल्या, ज्या खाणीतल्या उंच साठवण टाकीखालून हळूहळू सरकत भरतात, तशाच वीजकेंद्रात जाऊन रिकाम्या होतात आणि परत येतात. डबे तोडायचे नाहीत, जोडायचे नाहीत. भारतीय रेल्वेनेही १९८०च्या दशकात सुट्या वाघिणींऐवजी एकाच मालाने भरलेल्या पूर्ण गाड्यांवर भर दिला आणि वाघिणींची वर्गवारी करणारी यार्ड्स ओस पडू लागली. छोटा माल ट्रकवर गेला. पुढे ब्रिटनमध्ये तर खाणीच बंद झाल्या.

म्हणून या इंजिनांच्या गोष्टीतून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'नवं तंत्रज्ञान आलं की जुनं लगेच जातं' असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात जुनं यंत्र जिथे परवडतं, दुरुस्त होतं आणि कामाला पुरतं, तिथे ते दशकानुदशकं टिकतं. ते जातं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याभोवतीचं कामच बदललेलं असतं. आणि त्या कामासोबत ड्रायव्हर, फायरमन, फिटर आणि शंटरही जातात.

आज ब्रिटनमध्ये डझनावारी ऑस्टेरिटी इंजिनं जपून ठेवलेली आहेत. त्यातली काही हौशी मंडळींच्या छोट्या रेल्वेंवर अजूनही गाड्या ओढतात. दोन वर्षांचा हिशोब मांडलेल्या इंजिनानं ऐंशी वर्षं गाठली आहेत.